एक तार तुटली तरी

४ मार्च २००८
मी गिरिधर वामन देऊळगावकर, बी. कॉम., परतूर येथील पतसंस्थेचा मुख्य लेखापाल व, स्वेच्छेने, संगणकप्रमुख. माझ्या संगणकीय कार्याची अचूक नोंद राहावी, हा या रोजनिशीचा हेतू. वाचणार मीच, सबब नम्रतेची आवश्यकता नाही.

काल उंदराने सर्व्हरची तार कुरतडली. काउंटर दुपारभर बंद. अध्यक्ष काकासाहेब म्हणाले, पुन्हा बंद पडलं तर तुम्ही टेंभुर्णीच्या शाखेत. सौ. सरोजिनी म्हणाली, मी येणार नाही.

५ मार्च
उपाय सापडला: बॉन्डिंग! सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे, दोन तारा. व्यवहारात मात्र दोन्ही मिळून एकच. एक तुटली तरी दुसरी सांभाळते. थेट वैवाहिक जीवन! सरोजिनीस ही उपमा ऐकविली. तिने विचारले, यातली कुरतडलेली तार कोण, ते आधी सांगा.

७ मार्च
सर्व्हरच्या पोटात ठेवी व कर्जे यांचे दोन आभासी संगणकही चालविणार. त्यांना बाहेर येण्यासाठी सॉफ्टवेअरचा पूल, म्हणजे ब्रिज. पुस्तक म्हणते: आधी दोन्ही तारांचे बॉन्डिंग करा, मग ते बॉन्डिंग पुलाला जोडा. लेखक वाणिज्य शाखेचा नसावा. जोडायला पूल आहेच, तर मध्ये हा अडत्या कशाला?

८ मार्च, सायंकाळ
अडत्या वगळला. दोन्ही तारा थेट पुलाला. त्यांची दुसरी टोके ज्या पेटीत, त्या नेटवर्क स्विचवरील सारे दिवे एकदम लखलखू लागले, थांबेचनात! दार लावून नाचलो. रोखपाल पुष्पाबाई आल्या. म्हणाल्या, साहेब, माझा कम्प्युटर हलूनच न्हाई राह्यला. एवढ्या वेगाची सवय व्हावी लागते, असे समजाविले.

१० मार्च
संचालकांसमोर प्रात्यक्षिक. काउंटर सकाळपासून ठप्प (अतिवेग). "आता एक तार काढतो, सेवा अखंड राहील," असे म्हणून तार उपटली. काउंटर सुरू झाले! पुष्पाबाई ओरडल्या, चालू झालं की हो! टाळ्या. मी झुकून स्वीकारल्या.

शिष्टाचार म्हणून तार पुन्हा लावली. बंद. काढली. चालू. मग काकासाहेबांनी स्वतः लावून-काढून पाहिली. त्यांना मजा येत असावी. म्हणाले, देऊळगावकर, दोन लावल्या की बंद, एक काढली की चालू. मंग ही दुसरी आणली कशाला? सवडीने लेखी खुलासा देईन, म्हणालो.

रात्री पुस्तक पाहिले. दोन्ही तारा सुट्या पुलाला जोडल्यास निरोप गोल गोल फिरत राहतात व सगळी वाट अडवितात. हे तळटिपेत छापले आहे. इतका महत्त्वाचा मजकूर तळटिपेत छापणे हा निव्वळ बेजबाबदारपणा.

१७ मार्च
टेंभुर्णीच्या शाखेत रुजू. येथे एकच संगणक, एकच तार. निरोपसमारंभात काकासाहेबांनी शाल, नारळ आणि ती दुसरी तार दिली. खोलीत बांधली. दोन बनियन वाळत आहेत, सेवा अखंड.

सरोजिनीचा परतूरहून फोन. म्हणाली, तुम्ही गेलात तरी इथं सगळं बराबर चालू आहे.

बॉन्डिंगचे तत्त्व अखेर कोणाला तरी समजले.

गि. वा. देऊळगावकर
टेंभुर्णी, १७ मार्च २००८