पुन्हा सोल्डरिंग

रविवार, संध्याकाळ

आज कितीतरी वर्षांनी सोल्डरिंग केलं. मुलीचा स्पीकर तासाभरातच बंद पडतो म्हणून ती नवा घेणार होती. मी म्हटलं, आणखी दोन लिथियम सेल जोडू, जास्त वेळ चालेल.

"आई, पेटला तर?"

"रेडिओच्या कारखान्यात मी काय पापड लाटत होते?"

तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून तारा जोडायला पट्ट्या लावलेले सेल आणले. तिने जुन्या सेलशी व्होल्टेज जुळतंय ना ते मीटरवर पाहिलं, मी तारा जोडल्या. सोल्डरमधल्या रोझिनचा, त्या राळेचा धूर नाकात गेला आणि मी थेट कारखान्यातल्या आमच्या लांब टेबलापाशी. शेजारी कुसुम गुणगुणतेय, प्रत्येक जॉइंट चकचकीत, म्हणजे पक्का आलाय ना ते बघतेय. पुढे परदेशी माल स्वस्तात यायला लागला, कारखाना बंद झाला, आम्ही पांगलो. तो वास मला एवढा आवडायचा? तेव्हा तर डोकं दुखायचं.

स्पीकर दुपारपासून वाजतोय. मघाशी धीर करून कुसुमला फोन लावला.

"कोण?"

"कारखान्यातली, तुझ्या शेजारची. आज सोल्डरिंग केलं गं."

तिने विचारलं, "जॉइंट चकचकीत आला का?"