इंदूचं इंग्रजी

ता. ११ जाने. ५४, सोमवार

न्हाय, मला इंग्रजी येत न्हाय आणि यायला नको. मराठी तिसरी झाली, म्हशीचं दूध इकायला तेवढी लई झाली. पण दत्तूची, माझ्या धाकट्या भावाची, इंदू मॅट्रिकला बसलीय. रोज पहाटं माझ्यासंगं गंगावेशीच्या कट्ट्यावर येती. मी गिऱ्हाइकासमोर चंद्री म्हशीची धार काढणार, ती गिलास विसळणार आणि तोंडानं बडबडणार. चार दिस झालं, एकच शब्द. गेट. गेट मिल्क म्हंजे दूध आण. गेट वेट म्हंजे भिज. गेट होम, घरी पोच. गेट ओल्ड, म्हातारं हो. गेट मॅरिड, लगीन कर. गेट थ्रू, परीक्षा पास हो. मेलं संपतच न्हाय.

म्हटलं, "एका गड्याला एवढी कामं लावल्यावर त्यो एक तरी धड करंल का?"

"आत्ती, बाई म्हणत्यात ह्यो शब्द आला की निम्मं इंग्रजी आलं."

"मग ऱ्हायलेलं निम्मं घरात म्हण. चंद्री बुजती."

चंद्रीनं खरंच पाय झाडला. चरवी पालथी. गिऱ्हाईक हसतंय. हसायला काय झालं?

ता. १४, संक्रांत

दत्तूनं जेवताना सांगितलं, रविवारी कुरुंदवाडची माणसं इंदूला बघाय येणार. पोरगं कचेरीत कारकून, घरी मळा. म्हटलं, मार्चात पोरीची परीक्षा हाय. म्हणाला, "आक्का, नुसतं बघून जात्यात." नुसतं बघायला कोण कुरुंदवाडहून येतंय?

इंदू भाकरी अर्धी टाकून उठली.

ता. १७, रविवार

आलते. पोरगं महादेव, त्याचा बाप आण्णा, आणि एक चुलता. चुलत्याचाच आवाज मोठा. मी दाराआड. नवरा मेलेल्या बाईचं तोंड शुभकामात नको. सकाळी त्याच बाईनं काढलेल्या दुधाचा चहा मात्र ढोसला.

पोरीला चालाय लावलं. सुईत दोरा ओवाय लावला. केस सोडून दाखव म्हणाले. बाजारात म्हैस घेताना मीबी एवढं बघत न्हाय. मग चुलता म्हणतोय, "मॅट्रिकला हाईस न्हवं? बोल की कायतरी इंग्रजी!"

इंदूनं मान वर केली. म्हणाली, "आय शॅल गेट मॅरिड आफ्टर आय गेट थ्रू. नॉट बिफोर."

चुलत्यानं मांडीवर थाप मारली. "वा! काय फाडफाड बोलती! आण्णा, पोरगी हुशार हाय!" आण्णा खूश. दत्तू खूश. लगेच सुपारी फोडली, पेढं वाटलं. पोरीनं तोंडावर न्हाय म्हटलं आणि ह्यांनी पेढं वाटलं!

मला समजलं. एवढं दिस कानाशी बडबडली, समजणारच की. आणि एकट्या त्या महादेवाला समजलं. घशात पोहं अडकलं त्याच्या. पाणी प्याला, खाली बघत बसला. नंदीबैल.

ता. १८, सोमवार

दत्तूला गोठ्यात गाठलं. पोरगी काय बोलली ते सांगितलं, परीक्षा झाल्याबिगार लगीन करणार न्हाय म्हणाली.

"पोरीचं इंग्रजी कोण धरतंय, आक्का? तारीख ठरली. फेब्रुवारीच्या शेवटाला. परीक्षा काय, सासरी जाऊन बी देता येती."

"शेवंतानं दिली का?"

दत्तू वैरण टाकाय वळला. शेवंता आमची दोघांची मधली बहीण. सातवीची परीक्षा सासरी जाऊन देईन म्हणून पुस्तकं फडक्यात बांधून घेऊन गेलती. पयल्या दिवाळीला मी भेटाय गेले तर सासू त्याच पानांत शेंगा बांधून देत होती. मलाबी दिल्या. भूगोलाचं पान होतं.

मला इंग्रजीचं कौतुक न्हाय. पण इचारलं तुम्ही, पोरीनं उत्तर दिलं. आता ऐकू आलं न्हाय म्हणता व्हय?

ता. २२, शुक्रवार

पहाटं कट्ट्यावर गर्दी. मफलर गुंडाळलेलं कोणतरी उभं. म्हटलं, "पावणं, गिलास देऊ?" मफलर काढला तर महादेव. इंदू आज घरी होती, ते बरं झालं.

"आत्ती, ती काय म्हणाली ते मला समजलंय."

"मग गप का बसलास?"

"आण्णांम्होरं कसं बोलू?"

"मिशा कशाला ठेवल्यास मग? दुधाचा फेस पुसायला?"

बाजूची माणसं फिदीफिदी. त्याचं कान लाल. हळूच म्हणाला, "सांगितलं तर आण्णा मोडतील. पोरगी शेफारलीय म्हणतील. आणि मला ती पसंत हाय."

"पसंत हाय तर परीक्षेपतोर थांब की."

"तुम्हीच सांगा की त्यास्नी."

माझं डोस्कं फिरलं. मी सांगू? मला दाराआड बसवली तवा कुठं गेलतास? गिलास त्याच्या हातातनं काढून घेतला. मग त्याला चंद्रीच्या पलीकडं नेला आणि दोन गोष्टी बोलले. हळू बोलले. लोकांचं हसणं बंद झालं म्हंजे फार हळू न्हवतं.

पैसं न देता गेला. मीबी मागितलं न्हाईत.

ता. २ फेब्रु., मंगळवार

कुरुंदवाडहून गडी आलता. आण्णा परवा येणार, लगनाबद्दल बोलायचं हाय. एवढंच. गडी पाणी पिऊन गेला.

तवापासनं घरात दंगा. दत्तू म्हणतोय मोडलं. त्याची बायको म्हणती, मोडायचं असतं तर माणूस स्वतः कशाला येईल, तारीख पुढं न्ह्यायची असंल. इंदू माजघरात पुस्तक घेऊन बसलीय, पान काय उलटत न्हाय.

दत्तूला कट्ट्यावरचं कुणीतरी सांगितलंय. अंगावर आला. "आक्का, त्या पोराला काय बोललीस? खरं सांग. पोरीचं वाटोळं केलंस का?"

मग इंदू पण आली. "आत्ती, काय म्हणालीस त्येला?"

म्हटलं, जे म्हणायचं ते म्हणाले. ज्याला म्हणायचं त्याला म्हणाले. दत्तूला सांगणार न्हाय, तुलाबी सांगणार न्हाय. आण्णा आला, त्यानं इचारलं, तरी न्हाय. हितंबी लिवणार न्हाय.