तू न पाहिलेलं स्वप्न

प्रिय बाबा,

आज सकाळी राखणदाराचा दगड परत खाली नेला. ओहळाच्या काठी, बांबूच्या बेटाखाली, त्याच्या मूळ जागी. सगळा वाडा, घरटी माणूस, जमला होता. आणि तू त्याला वर काजूच्या बागेत का आणलं होतंस, हेही आता सगळ्यांना ठाऊक आहे. मीच सांगितलं. तू गेलास तिकडेही आपल्या पेडण्याची माणसं असणारच, ती गप्प थोडीच बसणार! दुसऱ्या कुणाकडून तुला कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं, म्हणून आज रजा टाकून लिहायला बसले.

रागावलास? आई तर आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पण तू आधी सगळं ऐकून घे. जिवंतपणी तू कुणाचं पुरतं ऐकून घ्यायचा नाहीस, आता तरी घे.

विमानतळाकडे जाणारा रस्ता आपल्या वाड्यातून जाणार असं ठरलं, त्या वर्षीची गोष्ट तुला आठवतच असेल. मोजणीवाल्यांना झाडी तोडून वाट करून द्यायला माणूस हवा होता आणि तू रोजावर गेलास. कोयता तुझा, रान तुझ्या पायाखालचं. तिसऱ्या दिवशी घरी आलास तो जेवलाच नाहीस. रस्त्याची रेघ आपल्या बागेच्या मधोमध जात होती. आजोबांनी लावलेली काजू, आणि त्यातलं ते बुटकं झाड, ज्याच्या बोंडांची हुर्राक, ती पहिल्या धारेची दारू, तू कुणालाही विकायचा नाहीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना तू मला मागच्या पडवीत बोलावलंस. मोजणीवाले देवाच्या जागा टाळतात, रस्ता थोडा वाकवतात, हे तू त्यांच्याबरोबर हिंडताना पाहिलं होतंस. आपला राखणदार तर ओहळाकाठी, रेघेपासून दूर. तो वर बागेत आला तर? पण राखणदाराला कोण हलवणार? वाड्याचं रक्षण करणारा देव तो, वाट चुकलेल्याला हात धरून घरी आणून सोडणारा. वर्षातून एकदा त्याला जाड भाकरीचा रोट, घोटभर दारूचा सोरो आणि विडी द्यायची, बाकी त्याच्या वाटेला जायचं नाही. तो हलायचा तर त्याच्याच मर्जीने.

"सपन पडलें म्हण सांगतां," तू म्हणालास. "खरें दिसतलें मगो?"

मी हसले, बाबा. चोवीस वर्षांची घोडी, मला त्यात गंमत वाटली! तू स्वप्न सांगून दाखवलंस, ते अगदीच पुळचट होतं. राखणदार आला आणि म्हणाला मला वर ने, एवढंच. मीच म्हटलं, असं नको, त्याच्या खांद्यावरची घोंगडी ओलीचिंब होती म्हण. ओहळाला पूर येतो तेव्हा त्याची जागा पाण्यात जाते, लोकांना लगेच पटेल. आणि पटलंच. तू कधी खोटं बोलला नव्हतास म्हणून पटलं. वाड्याने वाजतगाजत तो दगड उचलला आणि बागेच्या मधोमध बसवला. बायका तर घोंगडीचं ऐकून हळहळत होत्या.

मोजणीवाले आले, त्यांनी वहाणा काढल्या, नमस्कार केला आणि रस्ता वाकवला.

वाकलेला रस्ता कुठेतरी जाणारच, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात कसं आलं नाही? तो शेवंतीकाकीच्या मळ्यातून गेला. काकी आपल्याच भाऊबंदांतली, काका गेल्यावर त्या मळ्यावर मुलाला वाढवलेली. मिरची, अळसांदे, तांबडी भाजी, आणि मधोमध ती विहीर, जिचं पाणी मे महिन्यातही आटायचं नाही. विहीर बुजवायला माती आली तेव्हा काकी काठावर उभी होती. तू घरात होतास. त्या दिवशी तू बाहेर पडलाच नाहीस.

पुढे काकी तुये गावातल्या कारखान्यात डबे भरायच्या कामाला लागली. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे तिचे. देवाच्या मर्जीपुढे काय चालतं, म्हणायची. हे ऐकून तू ताटावरून उठायचास आणि आम्हाला वाटायचं, तुला काकीची दया येते.

पण खरं सांगू? त्या रस्त्याला मी शिव्या घालू शकत नाही. त्याच्यामुळे मला विमानतळावर नोकरी लागली. चौकशीच्या टेबलाशी बसते, जगभरच्या लोकांना वाट सांगते. काकीचा दीपक टॅक्सी चालवतो, आता घराला पत्रे जाऊन कौलं आली. वाड्यातल्या मुली कॉलेजला बसने जातात आणि बसनेच येतात. विमानांच्या आवाजाने कोंबड्या अंडी घालायच्या बंद होतील म्हणाला होतास ना? घालतात, बाबा. चांगली रोजच्या रोज घालतात.

आणि तुझ्या छातीत कळ आली ते? गाडी दहा मिनिटांत दारात आली ती त्याच रस्त्याने. जुन्या पायवाटेने तुला खाटेवरून न्यावं लागलं असतं आणि डॉक्टर म्हणाले तसं, तेवढा वेळ नव्हताच. चार वर्षं जास्त दिली तुला त्या रस्त्याने. पण गाडी वळणावर आली, जिथे काकीची विहीर होती तिथे, तेव्हा तू माझा हात सोडून डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं, गेलास. तू गेला नव्हतास, लाजला होतास. हे मला फार उशिरा समजलं.

आता ऐक, गेल्या महिन्यात काय झालं ते. रस्ता रुंद करायचा ठरला. वळण धोक्याचं आहे, तिथे दोन मोटारसायकलवाले पडले, म्हणून रस्ता सरळ करून बागेतून न्यायचा, असा नकाशा आला. वाड्यातले जाणते एकदम उठले. राखणदाराने स्वतः मागितलेली जागा, तिला हात लावायचा नाही! वळण हवं तर आणखी बाहेर काढा म्हणाले. तसाही एक नकाशा तयारच होता. त्यात लाल खूण होती काकीच्या घरावर.

घरावरही खूण मारून गेले, हे तिने मला स्वतः येऊन सांगितलं. ओसरीच्या खांबाला मारलेला लाल रंग तिच्या बोटाला लागला होता. एकदा विहीर दिली, आता घरही देते, देवापुढे आपलं काय, असं ती अगदी सहज म्हणाली. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

देवळात कौल लावायचा ठरला. देवीच्या अंगाला पाकळ्या लावायच्या आणि राखणदाराला हलवायचं की नाही ते विचारायचं; उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आदल्या दिवशी मी आईला सांगितलं की मी बोलणार. तिला स्वप्नाची भानगड तोवर माहीत नव्हती. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "मेल्ल्या मनशाक सगळ्यांमुखार कित्याक उबो करता गो?"

मेलेल्या माणसाला चारचौघांत कशाला उभं करायचं, हे मीही स्वतःला विचारलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची हे मलाही कळतं. तुझं नाव या गावात सव्वा लाखाचंच होतं. आणि मी बोलले नाही तर आपली बागही वाचत होती, हे विसरू नकोस. मी विसरले नव्हते. देवळाच्या पायऱ्या चढतानाही तोच हिशेब मनात चालू होता आणि मला स्वतःची किळस येत होती.

गुरवाने पाकळ्या भिजवायला घेतल्या तेव्हा मी उठले.

"बाबाक सपन पडूंक नाशिल्लें," मी म्हटलं. "आमी दोगांनी तें रचलें. घोंगडी हांवें सांगिल्ली."

कुणीतरी पंखा बंद केला आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं, रेघेपासून विहिरीपर्यंत. काकी खांबाला टेकून बसली होती. माझं संपल्यावर ती उठली आणि कुणाकडे न बघता घरी गेली. मग कौल लावला. पाकळी उजवीकडून पडली, लगेच पडली. राखणदार खाली जाणार, रस्ता सरळ जाणार, काकीचं घर राहणार. बाग जाणार.

आठ दिवस काकी आली नाही. रस्त्यात दिसली तर पदर सावरून पुढे निघून जायची. दीपकने मला टॅक्सीत घेतलं, पण सगळी वाट रेडिओ मोठ्याने लावून ठेवला. मी म्हटलं, भोग आता बायो, घोंगडीची फळं. चुलत्या-पुतण्यांत लोक बोलत होते तेही कानावर येत होतं. एकाने तुझं नाव घेऊन थुंकल्याचंही कळलं. ते मी तुला सांगणार नव्हते, पण आता काही झाकायचं नाही असं ठरवलंय.

नवव्या दिवशी संध्याकाळी काकी आली आणि आपल्या सोप्यावर बसली. आईने न विचारताच चहा ठेवला. मी तिला म्हटलं, रस्त्याच्या खालच्या अंगाला ओहळापर्यंतचा बागेचा तुकडा आपल्याकडे राहतो, तिथे तू मळा कर, पाणी जवळ आहे. तिने तिथे ऊन किती वेळ असतं ते विचारलं. आज सकाळी राखणदाराला बसवून झाल्यावर तिने आणि आईने मिळून त्या तुकड्यावर मिरचीच्या वाफ्याची आखणीसुद्धा केली. दोघी वाफ्याच्या रुंदीवरून भांडत होत्या. मी ऐकत उभी राहिले. कितीतरी दिवसांनी पोटभर हसले.

पण त्या संध्याकाळी चहा संपवताना ती जे बोलली, त्यासाठी मी हे पत्र लिहिलं. ती म्हणाली, विहीर बुजवल्यावर तू तीन वेळा तिच्या घरी गेला होतास. ओसरीवर बसलास. पावसाचं बोललास, फणसाचं बोललास आणि उठून आलास. तिला वाटायचं, तुझा कोयता तिच्याकडे राहिलाय तो मागायला येतोस आणि संकोचतोस. तिसऱ्या खेपेला तिने तो कोयता तुझ्या हातात आणून दिला. तू घेतलास आणि काही न बोलता निघालास.

कप खाली ठेवून ती म्हणाली, "आतां कळ्ळें तो कित्याक येतालो." आणि डोळे पुसले. तुझ्यासाठी पुसले, बाबा.

तीनदा गेलास तू! तीनदा त्या ओसरीपर्यंत पोचलास! मला एकदा तरी म्हणायचं होतंस, चल बायो, दोघं जाऊ. घोंगडी माझी होती ना?

आता एक शब्द देते तुला. कुणाच्या ओसरीवर खरं सांगायला गेले, तर पावसाचं बोलून परत येणार नाही. सांगूनच उठेन.

तुझीच,
बायो