माणिकबाईची वास्तुशांती आणि लोखंड्या

अमरावती, मंगळवार

ती. मनकर्णाताईस धाकट्या उद्धवाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींची साखर ताब्यात आहे ना? इकडे चारुशीला ठणठणीत आहे. माझा उजवा अंगठा मात्र लिंबाएवढा सुजलाय, हळदीचा लेप लावून हे पत्र लिहितोय, तेव्हा अक्षराकडे कानाडोळा कर. फोनच करणार होतो, पण तू फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडतेस, आणि जे सांगायचंय ते शेजारच्या पार्बताबाईने ऐकावं असं नाही. खरं म्हणजे ते माझं मलाच अजून मोठ्याने म्हणवत नाही.

ताई, मी तुझ्यावर रागावलेलो नाही. पण तू अकोल्याच्या बाजारात ज्या माणिकबाईकडून झेंडू-शेवंती घेतेस, तिला माझा नंबर देण्याआधी चार प्रश्न विचारायला हवे होतेस. तिचा फोन आला, "गुरुजी, लेकानं घर बांधलं, वास्तुशांती करून द्या." मी आनंदाने होकार दिला. फुलांच्या मळ्यात राबणारं जोडपं, मुलगा शुभम पुण्यात नोकरीला, दोन दिवाळ्या घरी आलेला नाही, आणि तरी घर बांधलं म्हणजे केवढं कौतुक! समिधा, तूप, नवग्रहांच्या सुपाऱ्या, सगळं पिशव्यांत भरून मी सकाळची एसटी धरली, अकोल्यात गाडी बदलली आणि पातूरला उतरलो. (मूर्तिजापूरला एका बाईने तुपाच्या बरणीवर टिफिन ठेवला. तो वेगळा विषय आहे.)

मळ्यात पोचलो तर जुनंच टिनाचं छप्पर, जुनीच ओसरी. नवीन म्हणावं असं काही दिसेना. माणिकबाईचे यजमान सहदेवराव खाटेवर बसले होते, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण फसलेल्या माणसाकडे पाहतो. मी विचारलं, घर कुठे आहे? माणिकबाईने मला हाताला धरूनच आत नेलं आणि टीव्हीकडे बोट केलं. "थे काय, गुरुजी. लाल कौलाचं."

ताई, मला घेरी यायची बाकी होती. टीव्हीत एक खोरं होतं, त्यात शेतं, निळी चमकणारी वांगी, माणसांसारख्या बोलणाऱ्या शेळ्या, आणि मधोमध एक टुमदार लाल कौलाचं घर. हा एक खेळ आहे म्हणे. त्यात शेती करायची, गुरं पाळायची, जादू शिकायची आणि अधूनमधून राक्षस मारायचे. शुभम पुण्यातून खेळतो, ही इथून, आणि रोज दिवे लागले की माय-लेक त्या खोऱ्यात भेटून निंदणी करतात. (दिवसभर मळ्यात निंदून झाल्यावर! मी विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाली, "तिथं कंबर दुखत नाई.") ते घर त्या दोघांनी मिळून उभं केलेलं. मी पिशव्या उचलल्या आणि निघालो. शास्त्रात असं काही बसत नाही, असं स्पष्ट सांगितलं. तेव्हा ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"पुण्यातलं घर त्याचं मी पायलंच नाई, गुरुजी. मले हेच माहीत हाय. अन् आज थो लोखंड्या येऊन राहिला. घर तुडवलं तर मंग परत भेटत नाई, मोडलं थे मोडलं."

लोखंड्या म्हणजे कोण, हे विचारायला हवं होतं. न विचारता मी पिशव्या खाली ठेवल्या.

आता ऐक. घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे, असं मी नेहमीसारखं विचारलं. माणिकबाई म्हणाली, कुठं पाहिजे? आणि तिने बटण दाबून घर गर्रकन पूर्वेला फिरवलं! आतल्या चुलीसकट! तीस वर्षं मी लोकांना दक्षिणमुखी घराच्या शांती सांगत आलो गं. पुढे संकल्पात गाव हवं, गावाचं नाव धुकेवाडी. नदी हवी, तर तिथली नदी डोंगर चढते. तिचा उत्तर तीर कुठला धरायचा? मी मनात कुठलातरी धरला. वास्तुप्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची असते, तर तिने टीव्हीतल्या अंगणात कुदळीने खड्डा केला, आणि प्रतिमा आत जाईना म्हणून एक मुळा पुरला. मी डोळे मिटले.

सहदेवराव सुरुवातीपासून रुसलेले. त्यांनाही खेळात एक माणूस काढून दिलेला आहे, पण तो कायम टेकडीवर बसलेला असतो. यांना बसण्याचंच बटण माहीत, आणि दुसरं शिकायला ते तयार नाहीत. "ज्या घरात मले पाय ठेवता येत नाई, त्याची कायची शांती?" असं म्हणत ते पाटावर बसले. शेल्याची गाठ मारली, एक रिमोट बाईच्या पदरात, दुसरा यांच्या मांडीवर, आणि मी अक्षता हातात दिल्या, तेवढ्यात टीव्हीतून शुभमचा आवाज आला, "आई! आला थो! वेळेच्या आधी आला!"

डोंगरामागून तो उठला, ताई. गावातल्या पाण्याच्या टाकीला हातपाय फुटावेत एवढा. सगळा लोखंडाचा, छातीत कापसाच्या जिनिंगमधल्यासारखी चक्रं फिरताहेत, आणि डोळ्यांच्या जागी दोन भट्ट्या. एक पाऊल टाकलं आणि माझ्या कलशातलं पाणी हललं. (आवाज मोठा ठेवला होता म्हणून, हे नंतर कळलं. त्या क्षणी मी गायत्री सुरू केली होती.) माणिकबाईने अक्षता भिरकावल्या आणि रिमोट घेऊन टीव्हीपुढे झेप घेतली. गाठ बांधलेली असल्यामुळे सहदेवरावही पाटावरून फरफटत गेले. शुभमने त्याच्यावर वीज टाकली, बाण टाकले, उकळतं तेल टाकलं. त्याने शुभमला एका लाथेत निळ्या वांग्यांत पाडलं.

पडल्यापडल्या पोरगं ओरडत होतं, "बाबा, त्याच्या गुडघ्यामागं झाकण हाय! आई ढालीनं अडवते, तुमी हातोडा हाणा! उठा ना बाबा!"

"मले बसाचंच बटन माहीत हाय!" सहदेवराव ओरडले. आणि ताई, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. लोखंड्याचा पाय कौलांवर आलेला, माणिकबाई ढाल धरून मागे मागे सरकतेय, आणि तिने मान न वळवता हुकूम सोडला, "गुरुजी, रिमोट घ्या!"

मी म्हणालो, मी सोवळ्यात आहे.

"मंग काय घर पडू देता?"

मी सहदेवरावांचा रिमोट घेतला, आणि शुभमने घाईघाईत त्यावर मला एक नवा माणूस काढून दिला. आधी भलतंच बटण दाबलं गेलं आणि माझ्या माणसाने राक्षसाच्या पायाशी बसून कांद्याचं रोप लावलं. दुसऱ्यांदा दाबलं तर तो नाचला. तिसऱ्यांदा मात्र धावला, गुडघ्यावर चढला, आणि हातोडा हाणला. मग मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. मी हाणत राहिलो. माझ्या तोंडून मंत्र चालू आहेत अशी माझी समजूत होती, पण सहदेवराव शपथेवर सांगतात की मी "भंगाऱ्या, पड! पड मेल्या! सोडत नाही तुले!" असं ओरडत होतो. उपरणं कुठे गेलं, कळलं नाही. समिधांवर मीच उभा होतो. अंगठा त्याच वेळी गेला. झाकण उडालं, आतून वाफ सुटली, आणि ते अवाढव्य धूड गुडघ्यांवर येऊन, घराच्या कुंपणापासून हातभर अंतरावर, आडवं झालं.

टीव्हीवर पाटी आली, याला फोडायचं की पाळायचं? शुभम म्हणाला, फोड आई, सोन्याचं चिलखत भेटते. माणिकबाईने क्षणभर त्या विझलेल्या भट्ट्यांकडे पाहिलं. "एवढा धडधाकट गडी भंगारात काहून द्यायचा? ओलिताले ठेवू." आणि ताई, मी या डोळ्यांनी पाहिलं, तो कर्दनकाळ उठला, हातात झारी घेतली आणि शेवंतीच्या वाफ्यांना पाणी घालू लागला. मला राक्षसाचं एवढं भय वाटलं नव्हतं, जेवढं त्या बाईचं वाटलं.

मग सहदेवरावांनी माझ्या हातातला रिमोट काढून घेतला. घसा खाकरून टीव्हीला म्हणाले, "शुभम, चालाचं बटन कोणतं रे?" पोराने त्यांचा जुना माणूस परत रिमोटवर आणला आणि बटण सांगितलं. टेकडीवरचा माणूस अडखळत, दोनदा विहिरीला धडकत खाली आला. उंबऱ्याशी थांबला. पोरगा आतून म्हणाला, "या बाबा." मी गृहप्रवेशाचे मंत्र म्हणायला घेतले आणि अर्ध्यात माझाच आवाज बसला. (धुरामुळे असेल. अर्थात, होम पेटवायचा राहूनच गेला होता.)

असो. तर ताई, हा प्रकार अतिशय वाईट आहे. माणसं भ्रमात राहतात, डोळे बिघडतात, धर्मकृत्याची थट्टा होते. कृपा करून माझा नंबर यापुढे कुणालाही देताना घर विटांचं आहे याची खात्री करून घे. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा हादरलेला भाऊ,
उद्धव

ता.क. दक्षिणा म्हणून त्यांनी मला धुकेवाडीत नदीकाठचा एक तुकडा देऊ केला. मी ठाम नकार दिला. जागा तशी चांगली आहे. सकाळचं ऊन येतं.

ता.क. २. नकार दिला होता, पण शुभमने तोवर कुंपण घालून टाकलं होतं. पोराचं मन कसं मोडायचं? तिथं मी फक्त तुळस लावलीय. आणि दोन खोल्या.

ता.क. ३. पाकीट बंद करण्याआधी चारुशीलाने हे पत्र वाचलं. राक्षसाबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. तिला न विचारता मी घर बांधलं आणि स्वयंपाकघर उत्तरेला काढलं, एवढंच ती मघापासून बोलतेय. आता ती स्वतः जागेवर येऊन पाहणार आहे. तेव्हा शनिवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. तुमचा मोठा टीव्ही दिवसभर लागेल. दाजींना म्हणावं, क्रिकेट पार्बताबाईकडे पाहा. कारण विचारलं तर सांग, उद्धवाच्या घरची वास्तुशांती आहे, आणि तुम्हालाही जेवायचं आमंत्रण आहे. वांगी निळी असतील, एवढं आधी सांगून ठेव.