गोट्यांचा तलाव

लोणावळा,
ता. १२ मे १९७१

निवृत्तीभाऊ, तुला हिराचा सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. वहिनीच्या पायाला उतार पडला का? तुझं पत्र सोमवारी मिळालं. धरण झालं की वाडीला दुसरी जागा कुठे देणार, असं तू विचारलं आहेस. सांगते, पण आधी माझ्या टेबलाचं ऐक.

वीज कशी होते ते मुलांना कळावं म्हणून मी इथल्या संग्रहालयात एक खेळ केला आहे. टेबलावर उंचावर पत्र्याचा तलाव. गोट्या म्हणजे पाणी. दरवाजा लावून त्या साठवायच्या आणि एकदम सोडायच्या. सगळ्या मिळून घरंगळल्या की चक्र फिरतं आणि टॉर्चचा बल्ब पेटतो. एकेक सोडली तर चक्र ढिम्म हलत नाही. तलावाच्या तळाशी शोभेला म्हणून काड्यापेट्यांची घरं मांडली होती. मांडता मांडता आपलीच वाडी झाली.

परवा आपली शेजारीण सावित्राबाई मावशी करवंदं विकायला इकडे आली, तर तिलाच खेळायला बसवलं. आमचे साहेबही बघत होते. मावशीनं गोट्या ओंजळीत घेतल्या आणि टाकेचना. आपल्याकडे दुसऱ्याच्या खाचरात पाणी सोडायचं तर आधी हाक मारतात, ओ आल्याशिवाय बांध फोडत नाहीत. तिनंही तलावावर वाकून तुझ्या घराकडे बघत हाक मारली, "निवृत्ती, पानी येतंय रं! हाय का कुनी?"

सगळे खो खो हसले. मावशी भडकली. "हसताय काय? ओ न्हाई आली. हितली मान्सं कुटं गेली ते आदी सांगा, मग वतते."

साहेबांचं हसू मावळलं. ती गेल्यावर मला म्हणाले, "रविवारी उद्घाटनाला धरणाचे मोठे इंजिनियर येणार आहेत. ती घरं उचला."

मी एकही उचललं नाही. उलट खेळाच्या पाटीवर नियम लिहिला, की प्रत्येक घराला तलावाबाहेर जागा दिल्याशिवाय तलावात गोटी टाकायची नाही. राग आला होता रे मला. आता भीती वाटते आहे.

तुझ्या जागेचं. मी इथे चौकशी केली. जागा अजून ठरलेलीच नाही. धरणाचे दरवाजे मात्र या पावसाळ्यात लावून पाणी अडवायचं ठरलं आहे. हे लिहायला जीव धजत नव्हता, म्हणून एवढं पाल्हाळ लावलं.

रविवारी तू ये. श्रीपतीला, गेणूला, मावशीला, सगळ्यांना घेऊन ये. भांडू नका, नुसतं टेबलाभोवती उभे राहा. इंजिनियरसाहेब पहिली गोटी उचलतील तेव्हा त्यांना समोर तुम्ही दिसायला हवेत. ते काय करतील, ठाऊक नाही. आमचे साहेब काय करतील ते ठाऊक आहे. सोमवारी मला घरी पाठवतील.

तेव्हा सामान बांधू नकोस, भाऊ. घरी पाठवलं, तर मला यायला तेवढं एकच घर आहे.

तुझी,
हिरा