केवा रोज येते

लेवोपुकेन, लेंबाता बेट
ता. ३ ऑगस्ट १९६९

चि. बारेक हिस (तिकडे तू सगळ्यांची सिस्टर गाउदेन्सिया असशील, इथे बारेकच) ताईचे अनेक आशीर्वाद व येशूच्या नावाने सलाम वि. वि.

तुझं पत्र बोटवाल्याने समुद्रात बुचकळून आणलं. अर्धं वाचता आलं, उरलेलं तुझ्या स्वभावावरून ओळखलं. पाणी उकळून पी, मीठ कमी खा, नवऱ्यावर ओरडू नकोस, हेच असणार. इकडे मका बेताचा आला. विहिरीत दोर वाढवावा लागतोय. बेर्नादुस गावप्रमुख झाल्यापासून घरी फक्त जेवायला आणि घोरायला येतो. देवळात पुढच्या बाकावर आता आमची जागा ठरलेली आहे. तू हसशील, पण मला ते आवडतं.

एक वाईट बातमी. खालच्या घरातली केवा गेली. किनाऱ्याकडे उतरताना महारोग्यांचं ते घर, जिकडे आई आपल्याला मान वळवून बघूही देत नसे, तिथे रोज दुपारी गाव झोपलं की ती जायची. त्यांचे पाय धुवायची, पट्ट्या बदलायची. सकाळी विहिरीवर गेली ती तिथेच बसल्या बसल्या गेली. मातीला माणसं मोजकीच होती. आणि एक चमत्कारिक गोष्ट सांगते. पेटीवर झाकण घालायच्या आधी मी तिच्याकडे पाहिलं आणि मला वाटलं की हा चेहरा मी पहिल्यांदाच बघतेय. इतकी वर्षं ती गावात होती, पण मान खाली. मला फक्त तिचे हात ओळखीचे वाटले.

फादर योआकिमनी प्रवचनात विचारलं की आता खाली कोण जाणार. सगळे आपापल्या पायांकडे बघत राहिले. कुणीतरी बोलायला हवं म्हणून मी उठले आणि म्हटलं की मका, शेवग्याचा पाला, मासळी माझ्या घरून जाईल, हात मात्र माझ्याकडून मागू नका. खोटं बोलण्यापेक्षा बरं, नाही का?

जेवण आम्ही वाटेवरच्या दगडावर ठेवतो, ते लोक काठी टेकत येऊन नेतात. पण आमच्या शेजारची तुतो परवा सांगत होती की खाली दोरीवर धुतलेल्या पट्ट्या वाळत घातलेल्या दिसतात. मी म्हटलं, आपसात धूत असतील. ती म्हणाली की धुतील कशाने, त्यांच्यात धड बोटं कुणाला आहेत.

असो. तब्येतीला जप. माझ्यावरचा जीव कमी होऊ देऊ नकोस, उपदेश कमी केलास तरी चालेल.

तुझी
पेनीताई

*

एंदे
ता. १९ ऑगस्ट १९६९

ती. पेनीताईस बारेकचा पायांवर डोकं ठेवून सलाम वि. वि.

तुझं पत्र कोरडं पोचलं. केवासाठी इथे आम्ही सगळ्या सिस्टरांनी प्रार्थना केली. मीही तिचा चेहरा आठवून पाहिला, आठवला नाही. एवढंच आठवतं की लहानपणी मी पायात काटा भरून रडत होते तेव्हा तिने तो काढला. मी आभार मानायला तोंड उघडलं तोवर ती वळून चालू लागली होती. आभार घ्यायला थांबत नसे ती.

भर देवळात उठून आपण काय करणार नाही ते जाहीर करणारी बाई लेंबातात तूच एक. मला राग आला नाही. आमच्या वॉर्डात नव्याने आलेल्या मुलीही पहिल्या दिवशी जखम पाहून पळतात. पण पट्ट्या कोण धुतंय याचा छडा लाव. जो कुणी असेल त्याला मलम हवं, साबण हवा. मी पुढच्या बोटीने पाठवते. कुंपणापाशी उभी राहून नुसती हाक मारलीस तरी पुरे. हाकेतून रोग लागत नाही, ताई. खरं तर शिवण्यानेही सहसा लागत नाही, पण हे मी तुला इतकी वर्षं सांगतेय आणि तू तितकी वर्षं हात झटकतेस.

भावजींना सलाम. त्यांच्या घोरण्यावर मात्र आमच्या दवाखान्यात औषध नाही.

दूर असले तरी मला आपल्या पदराखालीच धर.

तुझी
बारेक

*

लेवोपुकेन
ता. ७ सप्टेंबर १९६९

चि. बारेक हिस ताईचे आशीर्वाद व सलाम वि. वि.

तू सांगितलंस म्हणून गेले. कुंपणापाशी उभी राहून हाक मारली. तोनू नावाची म्हातारी आहे, दृष्टी गेलेली, तिने ओ दिली. मी विचारलं की तुमच्या पट्ट्या कोण बदलतं. तर साधेपणाने म्हणाली, केवा. मी म्हटलं, आजी, केवाला आम्ही पुरलं, मी स्वतः तिच्यावर माती टाकली. त्यावर ती जराशी हसली आणि म्हणाली की मग माती हलकी टाकली असशील, कारण ती रोज दुपारी येते, कालही आली होती. दारात लिपात म्हणून एक जण पाय पसरून बसला होता. त्याला दिसतं, म्हणून त्याला विचारलं. तो म्हणाला की केवाच, मान खाली, डोक्यावरून कापड ओढलेलं, बोलत नाही, पण ती कधी बोलायची. मग तोनू म्हणाली की एवढंच आहे, आता तिचे हात पूर्वीपेक्षा मऊ लागतात. मेल्यावर विश्रांती मिळाली असेल.

मी घरी कशी आले मला माहीत नाही. उन्हात अंगावर काटा होता.

आता पुढचं लिहू की नको असं करत पेन दोनदा खाली ठेवलं. बारेक, मला हल्ली दुपारी फार झोप येते. जेवून चटईवर अंग टाकलं की दगडासारखी पडते. आणि उठते तेव्हा माझी बोटं सुरकुतलेली असतात, धुणं धुतल्यावर होतात तशी. परवा नेसलेल्या सारोंगचा काठ ओला होता. मला वाटलं घाम. पण काल हाताला वास आला. तू पाठवलेल्या त्या पिवळ्या मलमाचा वास. डबा तर मी आल्या दिवशीच दगडावर ठेवून दिला होता, उघडलाही नव्हता.

बेर्नादुसला सहज विचारलं. तो म्हणाला की तू तर रोज दुपारी उठून बाहेर जातेस, कुठे निघालीस विचारलं तर उत्तर देत नाहीस, मला वाटलं रागावली आहेस. मान अशी खाली घालून जातेस, म्हणाला. आणि त्याने करून दाखवलं.

बारेक, मी तशी कधी चालत नाही. तुला माहीत आहे.

लवकर लिही. आज दुसरं काही मागत नाही.

तुझी
पेनीताई

*

एंदे
ता. २० सप्टेंबर १९६९

ती. पेनीताईस बारेकचा सा. सलाम वि. वि.

पत्र हातात पडताच बसले आहे. आधी कामाचं. झोपेत चालणारी माणसं असतात, ताई. आमच्या डॉक्टरांनी पाहिली आहेत. मनात एखादी गोष्ट घर करून बसली की झोपेत पाय तिकडे वळतात. केवाचा चेहरा पाहून तू हादरलीस, देवळात बोललीस ते मनाला लागलं, त्यातून हे झालं असावं. भावजींना सांग की दुपारी दाराला बाहेरून कुलूप घालायचं. हात साबणाने धू. भीतीपोटी नव्हे, कुणाचेही हात स्वच्छच असावेत.

हे झालं नर्सचं उत्तर. रात्रीच्या प्रार्थनेनंतर मी मदर सुपीरियरना सगळं वाचून दाखवलं. मग म्हणाल्या की हे देवाकडून असेल किंवा नसेल, पण झोपेत दिलेलं देणं नव्हे, कारण तिथे नाही म्हणायची सोय नसते. तुझ्या बहिणीला जागी कर, मग ती काय करते ते तिच्यावर सोड.

मला एक खटकतं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. जखम धुणं शिकावं लागतं. कुजलेलं कातडं कुठवर सोडवायचं, पट्टी किती घट्ट बांधायची, हे मला वर्षभर जमत नव्हतं. तू तर घरात कुणाच्या बोटाला कापलं तरी मला हाक मारायचीस. मग झोपेत तुला हे कुणी शिकवलं?

पुढच्या महिन्यात सुटी मागितली आहे. तोवर एकटी खाली जाऊ नकोस. तुझ्याशिवाय मला माहेर नाही, हे ध्यानात ठेव.

तुझी
बारेक

*

लेवोपुकेन
ता. ५ ऑक्टोबर १९६९

चि. बारेक हिस आशीर्वाद व सलाम वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं. बेर्नादुस कुलूप घालून किल्ली स्वतःपाशी ठेवतो. मी निजते. उठते तेव्हा हात कोरडे असतात. पहिल्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की मी भरपूर मासळी तळली.

पण गावाला वास लागलाच. तुतोने मला खालून वर येताना पाहिलं होतं म्हणे. रविवारी आमच्या बाकावर आम्ही दोघंच बसलो होतो. माझं विणलेलं सारोंग जिने मागितलं होतं तिने नको म्हणून कळवलं, सून रंग बदला म्हणतेय, असं काहीतरी निमित्त. विहिरीवर मी गेले की बाया घागर अर्धी भरूनच निघतात. बेर्नादुसला दोन म्हाताऱ्यांनी बाजूला घेऊन सांगितलं की बायकोला आवर, नाहीतर प्रमुखपण दुसरा कुणी सांभाळेल. हे मला जेवताना सांगून तो हात धुवायला उठला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

आणि खाली कुणीही येत नाही. कुलूप लागल्यापासून केवा आली नाही. काल जेवण ठेवायला गेले तर तोनू दगडापाशी येऊन बसली होती, माझी वाट बघत. पावलांवरून तिने मला ओळखलं नाही. येणारी कोणीतरी बाई, एवढंच तिला कळलं. तिने विचारलं की केवा आमच्यावर रुसली आहे का, तिला भेटलात तर सांगा, आमचं काही चुकलं असेल तर माफ कर म्हणावं. लिपातच्या पायात किडे पडले आहेत, तो ओरडत नाही, फक्त देवाचं नाव घेतो.

बारेक, तिने माफी मागितली. माझ्याकडे.

आता मी काय करू असं तुला विचारणार होते. पण उत्तर येईपर्यंत बोट दोनदा जाऊन येईल आणि त्या पायाला तेवढा वेळ नाही. शिवाय तू काय लिहिशील ते मला भिजलेल्या पत्रातूनही वाचता येतं.

उद्या जागेपणी जाते. भीती वाटते. रोगाची वाटते, त्याहून केवाची जास्त. माझ्यासाठी रोझरीची एक माळ जप.

तुझी
पेनीताई

*

लेवोपुकेन
ता. १६ ऑक्टोबर १९६९

प्रिय बारेक, ताईचे आशीर्वाद व सलाम.

गेले.

जेवण झाल्यावर मी बेर्नादुसला सांगितलं की आज निजणार नाही, कुलूप काढ. तो बराच वेळ किल्ली हातात फिरवत बसला. मग म्हणाला की तू परत आलीस की मला आधी हाक मार, मी पाणी तापवून ठेवतो. एवढंच. गावाचं काय ते मी बघतो, असंही म्हणाला, पण तोंड भिंतीकडे करून.

गाव झोपलं होतं. कुत्रीसुद्धा सावलीत पडलेली. मी वाटेने मान वर ठेवून चालत होते, मुद्दाम.

आत गेले तर त्यांनी घाईघाईने पाय झाकून घेतले. तोनूने विचारलं, कोण. मी म्हटलं, पेनी, प्रमुखाची बायको. तिने मला बसायला चटई पुढे केली, बोटं नसलेल्या हाताने, आणि म्हणाली की आपल्यासारख्यांनी इथे यायचे कष्ट घेऊ नयेत, आमची केवा येईल. इतके दिवस जे हात त्यांच्या पायांना लागत होते ते माझे होते, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मग वाटलं, खरंच माझे होते का? पाणी तापत ठेवलं.

लिपातच्या पायावरची चिंधी सोडवली आणि मी घरामागे पळाले. पोटातलं सगळं बाहेर पडलं. चूळ भरली, परत आले. लिपातने मान फिरवून घेतली होती, मला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून. किडे काठीने काढले. पट्टी मला बांधता येईना. एकदा घट्ट झाली, एकदा सुटली. झोपेत येणारं काहीच जागेपणी येत नव्हतं. तो म्हणायचा, असू द्या बाई, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं ते दुखण्याने.

त्याचा डावा पाय संपवून मी उजव्याकडे वळले. उजवा धुतलेला होता. जखम स्वच्छ, कातडी ओली, घोट्यावरून पाणी ओघळत होतं. पट्टी अर्धी बांधून झाली होती, अशी की तू पाहिली असतीस तर नाव ठेवायला जागा मिळाली नसती. पाण्याच्या परातीपलीकडे जमिनीच्या वाळूत दोन गुडघ्यांचे खळगे होते. मी बघत असताना ते जरासे खोल झाले.

मी वर पाहिलं नाही. पाहायचं धैर्य नव्हतं असं तू म्हणशील. तसं नव्हतं, बारेक. ज्या बाईने जन्मभर कुणाला चेहरा दाखवला नाही तिचा तो आता चोरून कशाला बघायचा. मी कापड पाण्यात बुडवून कडेला ठेवलं. पुन्हा हात घातला तेव्हा ते पिळून ठेवलेलं होतं. मी हात चालू ठेवले. मी तिची पट्टी बघून बघून माझी बांधली. दुसऱ्या खेपेला जमली.

तोनूचे पाय शेवटी घेतले. तिने विचारलं की आता हे कोणाचे हात. मी म्हटलं, केवाचे. ती म्हणाली, वाटलंच, आणि डोकं मागे टेकून निवांत झाली.

तेव्हापासून रोज जाते. बाकावर अजून आम्ही दोघंच असतो. फादरना सगळं सांगितलं. ते म्हणाले की त्या घरात प्रार्थना करायला येतो. मी म्हटलं, या, पण येताना साबण आणा, आणि खळग्यांवर पाय देऊ नका.

तुझी सुटी मंजूर झाली असेल तर ये. मला बरं करायला म्हणून येऊ नकोस. वरच्या डोंगरातून आणखी दोन आजारी खाली आणून सोडलेत. आम्ही दोघी आहोत, तरी हात अपुरे पडतात.

जशी होते तशीच मला जीव लाव, आता थोडा जास्त लाव.

तुझी
पेनी