सारखे वेढे

नाना, आज मी तुमची कॉइल कापली. मुकुंदवाडीच्या आपल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसून तुम्ही माझ्या गिटारच्या दोन्ही पिकअपच्या, म्हणजे तारांची थरथर पकडणाऱ्या चुंबकांच्या, कॉइली भरल्या होत्या, त्यातली ब्रिजकडची. कॉलेजात कुणीतरी टाकून दिलेली ती इलेक्ट्रिक गिटार, आवाज पार मेलेला. आई कडाडली होती, "पोरीच्या जातीला कशाला ही थेरं?" तुम्ही मात्र चष्मा पुसून ती उघडलीत आणि हसलात. "हे तर आपलंच काम हाय. चुंबक, अन् त्याच्याभोवती तांबं." केसापेक्षा बारीक तार, तुम्ही श्वास रोखून भरताय, ओठ हलतायत, वेढे मोजताय. दोन्हींवर अगदी सारखे. "एकीला कमी, एकीला जास्त झालं की मोटार जळती, बाई." किती अभिमान वाटला होता मला तुमचा!

चूक तिथंच झाली. गिटार म्हणजे मोटार नाही. गिटारच्या मानेकडं तार मोकळी झुलते, तिथल्या पिकअपला कमी वेढे पुरतात. ब्रिजपाशी, खालच्या टोकाला, तीच तार आवळून बांधलेली, जेमतेम थरथरते. तिथं वेढे जास्त लागतात, नाहीतर आवाज दबतो. म्हणून तुमची ती कॉइल कायम हळूच वाजली. स्क्रू पिळून मी पिकअप वर घेत गेले, इतका की तारा त्याच्यावर घासायला लागल्या. पण कॉइल कापायला हात धजत नव्हता.

आणि घरात तरी काय वेगळं केलंत? दोघी बहिणींना सगळं सारखं. सारखं कापड, सारखं शिक्षण, सारखं माहेरपण. माझं सासर याच शहरात, माणसं बरी. पंचमीला यायचं, हसायचं-खिदळायचं, परत जायचं. धाकटी सिल्लोडहून आली ती अंगावर वळ घेऊन. "नाना, मला नाय जायचं परत." तुम्ही म्हणालात, "मोठी सण झाला की जाती, तू बी सण झाला की जायचं." आणि खरंच तिला एसटीत बसवून आलात. वळ दिसले नव्हते का हो तुम्हाला? दिसले होते. मी भांडले तर म्हणे, "मला दोघी सारख्या."

तुम्ही गेल्यावर ती कायमची आली. नवऱ्याच्या थपडेनं डावा कान फुटलेला, उजव्यानं थोडंच ऐकू येतं. तुम्हाला हे बघावं लागलं नाही. सुटलात.

आता ती माझ्याकडंच राहते. मी लोकांच्या गिटारी दुरुस्त करते, ती शेजारी बसते. मी वाजवायला लागले की अॅम्पवर, त्या स्पीकरच्या खोक्यावर, तळहात ठेवते, म्हणजे तिला हातातून ऐकू येतं. काल वाजवता वाजवता मी ब्रिजकडच्या पिकअपवर स्विच टाकला, तशी तिनं विचारलं, "ताई, थांबलीस का?" मी वाजवतच होते, नाना.

म्हणून आज ब्लेड घेतलं. नवी तार भरली, तुमच्यापेक्षा पुष्कळ जास्त वेढे देऊन. तिनं अॅम्पवर हात ठेवला, मान हलवली, जराशी हसलीसुद्धा. मग टेबलावरचा तांब्याचा गुंता बघून म्हणाली, "नानांच्या हातचं हाय, जपून ठेव." एवढं सगळं होऊनही तिचा तुमच्यावर राग नाही. माझा आहे, लई आहे.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, आणि तिच्या हाती मी पडू देणार नाही. तुमचं तांबं ठेवलंय जपून, असं तिला सांगितलंय. तिची पाठ वळताच ते मी भंगारात टाकलं.